गं. भा., राजमाता आणि डाउजर

वाचक विचारतात

या वेळच्या टपालात बाईमाणसाच्या नावापुढे लागणाऱ्या बिरुदांबद्दल बरेच प्रश्न होते. त्यांतले सहा निवडून एकत्र घेतले आहेत.

प्रश्न : जुन्या इंग्रजी कागदांत एका संस्थानिकाच्या घरातल्या बाईंचा उल्लेख जागोजाग 'डाउजर राणी' असा आहे. कोशात 'विधवा राणी' असा अर्थ मिळाला. मग साधं 'विडो' का लिहिलं नाही? मराठीत याला नेमका शब्द कोणता? (एक वाचक, सात रस्ता, सोलापूर)

उत्तर : कोशातला अर्थ चूक नाही, अपुरा आहे. 'विडो' म्हणजे नवरा गेलेली कुठलीही बाई. 'डाउजर' म्हणजे नवऱ्याच्या पदवीतला किंवा इस्टेटीतला काही हक्क त्याच्यामागेही जिच्याकडे राहतो ती. या शब्दाच्या पोटात दुःख नाही, जमीनजुमला आहे. लॅटिनमध्ये 'डोस' म्हणजे लग्नात दिलेला भाग. त्यावरून 'डोतारे' हे क्रियापद, तेच जुन्या फ्रेंचमध्ये 'दुएर' झालं. 'दुआज' म्हणजे विधवेचा वाटा आणि तो वाटा जिच्या नावे ती 'दुआजेर'. सोळाव्या शतकात हा शब्द इंग्रजीत रुळला. 'डोस'च्या मुळाशी देण्याच्या अर्थाचा जो धातू आहे, तोच संस्कृतात 'दा' होऊन आला. म्हणजे आपलं दान आणि त्यांची डाउजर एकाच मुळाची.

तो वाटा किती? इंग्लंडच्या जुन्या रूढ कायद्यात नवऱ्याच्या जमिनीचा एक तृतीयांश भाग विधवेला तहहयात मिळे. उत्पन्न तिचं, पण जमीन विकता येत नसे. ती गेल्यावर जमीन वारसाकडे परत. आता अडचण पाहा. उमराव वारला, पदवी मुलाला गेली, मुलाची बायको 'काउंटेस' झाली आणि जुनी काउंटेस तिच्या वाट्यावर हयात आहे. एकाच नावाच्या दोन बाई. ओळख पटावी म्हणून जुनीला 'डाउजर काउंटेस' म्हणू लागले. त्यामुळे नव्या उमरावाचं लग्नच झालेलं नसेल, तर त्याच्या आईला डाउजर म्हणायचं कारण नाही. ती नुसती काउंटेसच राहते. एकाच पदवीच्या दोन विधवा हयात असतील तर 'डाउजर' आधीच्या पिढीतलीला, दुसरीच्या पदवीआधी तिचं स्वतःचं नाव. घटस्फोटितेला हा शब्द कधीच लागत नाही.

हे बिरुद किती धारदार असू शकतं ते एका उदाहरणावरून कळेल. इंग्लंडच्या आठव्या हेन्रीची पहिली राणी कॅथरिन ही आधी त्याच्या थोरल्या भावाची, आर्थरची बायको होती. आर्थर १५०२ मध्ये वारला. पुढे १५३३ मध्ये हेन्रीने आपलं लग्न रद्द ठरवून घेतलं आणि कॅथरिनने यापुढे 'प्रिन्सेस डाउजर' म्हणवून घ्यावं असं फर्मावलं. म्हणजे तू माझी राणी कधीच नव्हतीस, माझ्या मेलेल्या भावाची विधवा आहेस. कॅथरिनने ते मरेपर्यंत मानलं नाही. एका शब्दात तिचं चोवीस वर्षांचं लग्न पुसलं जात होतं, हे ती पुरतं ओळखून होती.

मराठीत याला एकच शब्द नाही, आणि तो ओढूनताणून बनवू नये. आपल्याकडे घराण्यातल्या विधवेचा हक्क अन्नवस्त्राचा किंवा दरबाराने करून दिलेल्या नेमणुकीचा, म्हणजे ठरलेल्या रकमेचा. तिसरा हिस्सा कायद्यानेच मिळतो असा प्रकार नव्हता, म्हणून त्यावरून बिरुदही झालं नाही. इंग्रज अधिकाऱ्यांनी मात्र आपल्या सवयीने इथल्या राण्यांना आणि बेगमांनाही 'डाउजर' लावलं. भाषांतर करताना पहिल्या उल्लेखाला 'दिवंगत अमुकरावांच्या राणी' असं पूर्ण लिहा आणि पुढे नुसतं नाव किंवा 'राणीसाहेब'. 'माजी राणी' लिहू नका, पदच्युत झाल्यासारखं वाटतं. 'थोरल्या राणीसाहेब' तर मुळीच नको. मराठीत थोरली-धाकटी राणी म्हटलं की सवती समोर येतात, सासू-सून नव्हे. अनेक अनुवादांत ही चूक झालेली असते आणि वाचणारा दोन पिढ्यांना एकाच पिढीत बसवून मोकळा होतो.

प्रश्न : मग 'राजमाता' हाच मराठी शब्द का चालू नये? (एक शिक्षिका, बार्शी)

उत्तर : कधी चालेल, कधी दगा देईल. डाउजर हे नातं मेलेल्या नवऱ्याशी, राजमाता हे नातं गादीवर बसलेल्या मुलाशी. ही दोन नाती बहुतेकदा एकाच बाईत जमून येतात म्हणून गल्लत होते.

छत्रपती शिवाजी महाराज ३ एप्रिल १६८० रोजी वारले. सोयराबाई त्यांच्या विधवा, पण पुढे गादीवर आलेले संभाजी महाराज सईबाईंचे, आणि सईबाई १६५९ मध्येच गेलेल्या. इंग्रजी भाषेत सोयराबाईंना डाउजर म्हणता येईल. संभाजी महाराजांच्या काळात त्यांना राजमाता म्हणता येणार नाही.

याहून बोलकं उदाहरण कोल्हापूरचं. राजाराम महाराज १७०० मध्ये वारले. ताराबाई आणि राजसबाई दोघी त्यांच्या विधवा. ताराबाईंचा मुलगा शिवाजी गादीवर होता तोवर राजाच्या आईचा मान ताराबाईंचा. १७१४ मध्ये राजसबाईंनी आपला मुलगा संभाजी याला गादीवर बसवलं आणि ताराबाई मुलासकट कैदेत पडल्या. दोघींचं वैधव्य होतं तसंच राहिलं, राजाच्या आईचा मान मात्र एकीकडून दुसरीकडे गेला. त्यामुळे कागद वाचताना आधी साल पाहा, मग गादीवर कोण ते पाहा, मग तो कोणाचा मुलगा ते. या क्रमाने गेलात तर चुकणार नाही.

विसाव्या शतकात 'राजमाता' सैल झाला हेही खरं. जयपूरचे महाराज १९७० मध्ये वारल्यावर गायत्रीदेवींना राजमाता म्हणत, आणि तेव्हा गादीचे वारस झालेले भवानीसिंह त्यांचे सावत्र मुलगे. तिथे शब्द राजमाता, अर्थ डाउजर. इंग्लंडात मात्र हा भेद अजून काटेकोर पाळतात. व्हिक्टोरिया राणीच्या आधीच्या राजाची विधवा अ‍ॅडलेड १८३७ ते १८४९ 'क्वीन डाउजर' होती. व्हिक्टोरिया तिची पुतणी, म्हणून ती 'क्वीन मदर' झाली नाही.

प्रश्न : 'डाउअर' आणि 'डाउरी' एकच का? आमच्या निकाहनाम्याच्या इंग्रजी तर्जुम्यात मेहेरला 'डाउअर' म्हटलं आहे. (एक वाचक, विजापूर वेस, सोलापूर)

उत्तर : एकच नाहीत, मूळ एक आहे. डाउरी म्हणजे हुंडा, मुलीकडून जाणारा. डाउअर म्हणजे नवऱ्याकडून बायकोला मिळणारा हक्क. भारतातल्या कायद्याच्या पुस्तकांत मेहेरसाठी डाउअर हा शब्द रूढ आहे, आणि १९६१ च्या हुंडा प्रतिबंधक कायद्याने मुस्लिम व्यक्तिगत कायद्याखालचा डाउअर किंवा मेहेर हुंड्याच्या व्याख्येतून स्पष्टपणे वगळला आहे. मेहेर नवरा हयात असतानाही देय असतो, इंग्लंडचा डाउअर तो गेल्यावरच. मराठी तर्जुम्यात 'मेहेर' तसाच ठेवा. तिथे 'हुंडा' लिहिलं तर अर्थ उलटा होतो.

प्रश्न : घरात मोडी पत्रांचं एक दप्तर आहे. देवनागरीत उतरवताना 'गंगाभागीरथी' हे नाव वेगवेगळ्या पत्रांत चार-पाच वेळा आलं. वंशावळीत या नावाची बाई नाही. ही कोण असावी? (एक वाचक, मंगळवेढा)

उत्तर : ती बाई नाही, बिरुद आहे. वंशावळीत तिला घालू नका. पत्राच्या मायन्यात विधवेच्या नावाआधी 'गंगाभागीरथी' किंवा 'गंगाजलनिर्मळ' लिहीत. गंगा आणि भागीरथी ही एकाच नदीची नावं; तिच्या पाण्यासारखी निर्मळ, असा अर्थ. सवाष्ण बाईला 'वज्रचूडेमंडित' किंवा 'सौभाग्यादिसंपन्न'. वज्रचूडा म्हणजे न फुटणारा चुडा. म्हणजे हातातल्या बांगडीवरून एक बिरुद आणि बांगडी उतरल्यावर गंगेच्या पाण्यावरून दुसरं.

चूक का होते ते सांगतो. मोडीत आधी पानभर आडवी रेघ ओढून तिच्याखाली अक्षरं लिहीत जातात. शब्दांमध्ये जागा सोडत नाहीत, विरामचिन्हं नाहीत. त्यामुळे बिरुद कुठे संपलं आणि नाव कुठे सुरू झालं हे नजरेला दिसत नाही. त्यात गंगाबाई आणि भागीरथीबाई ही बायकांची खरीच नावं. नारायणराव पेशव्यांच्या विधवेचं नावच गंगाबाई. अशा ठिकाणी घाईत वाचणारा नावातली गंगा बिरुदात ढकलतो किंवा बिरुदातली नावात. उपाय असा : पूर्ण मायना एका ओळीत उतरवून घ्या आणि सुरुवातीपासून न वाचता शेवटाकडून मागे मागे या, 'बाई', 'साहेब' किंवा आडनाव लागेपर्यंत. 'बाई'ला चिकटलेला शब्द नाव, त्याच्या आधीचं सगळं बिरुद.

अजून तीन ठेचा याच मायन्यात लागतात. 'तीर्थरूप' दिसलं की लोक वडील समजतात. ते आईलाही लिहीत. 'वडिलांचे सेवेसी' यातले वडील म्हणजे बाप नव्हे, मोठी व्यक्ती. आईच्या पत्रातही ते येतं. आणि 'मातुश्री' लिहिलं म्हणून ती लिहिणाऱ्याची सख्खी आईच असेल असं नाही, आणि विधवाच असेल असंही नाही. अहिल्याबाई होळकरांना त्यांच्याहून वयाने मोठी माणसंही मातुश्री लिहीत, ते त्यांच्या अधिकाराला. ऱ्हस्व-दीर्घाकडे मात्र पाहू नका. मोडीत इकार-उकार एकच असतो, 'मातुश्री' आणि 'मातूश्री' यांत फरक शोधण्यात अर्थ नाही.

या बिरुदाचा तुम्हाला मोठा उपयोग आहे. एकाच बाईला आलेली पत्रं तारखेने लावा. कुठवर वज्रचूडेमंडित आहे आणि कुठून गंगाभागीरथी सुरू होतं ते पाहा. त्या दोन पत्रांच्या मधल्या काळात तिचा नवरा वारला. वंशावळीत मृत्यूचं साल नसेल तर ते असं हाती लागतं.

तारीख सुहूर सनात, म्हणजे मराठेशाहीच्या कागदांत येणाऱ्या जुन्या कालगणनेत, असेल तर अंक अरबी शब्दांत आणि उलट क्रमाने येतात, आधी एकं, मग दहं. 'अर्बा सबैन मया व अलफ' म्हणजे चार, सत्तर, शंभर आणि हजार, एकूण ११७४. त्यात ५९९ मिळवा : १७७३. सुहूर वर्ष मृगाला, मे अखेर ते जूनच्या सुरुवातीला बदलतं, म्हणून जानेवारी ते मृगापर्यंतच्या पत्राला ५९९ ऐवजी ६०० मिळवायचे. नारायणरावांचा खून ३० ऑगस्ट १७७३ चा, सवाई माधवरावांचा जन्म १८ एप्रिल १७७४ चा. दोन्ही याच एका सुहूर वर्षात बसतात. सरसकट ५९९ मिळवणाऱ्याच्या हिशेबात मुलगा बापाच्या खुनाआधी चार महिने जन्मतो. हा एक आकडा भल्याभल्यांना फसवतो.

कागद हाताळायच्या आधी हात कोरडे असू द्या, घडीवर उलट दाब देऊ नका आणि फाटलेल्या जागी चिकटपट्टी लावू नका. तिचा डिंक काही वर्षांत पिवळा पडून शाई खातो.

प्रश्न : 'विधवा' हा शब्द 'धव' म्हणजे नवरा नसलेली असा फोडतात. ते बरोबर आहे का? आणि त्याऐवजी 'गंगाभागीरथी' म्हणावं असं मध्यंतरी ऐकलं होतं, त्याचं काय झालं? (एक वाचक, करमाळा)

उत्तर : फोड जुनी आहे, पण भाषाशास्त्रज्ञ ती उलटी मानतात. 'विधवा' हा शब्द ऋग्वेदातच आहे आणि लॅटिनमधला 'विदुआ', इंग्रजीतला 'विडो' हे त्याचे सख्खे भाऊबंद. मूळ अर्थ वेगळं होणं, तुटणं. पुढे 'विधवा' मध्ये 'वि' हा उपसर्ग आहे असं समजून मागे उरलेल्या 'धव'ला नवरा हा अर्थ चिकटला. आधी विधवा, मग धव.

'गंगाभागीरथी'ची सूचना एप्रिल २०२३ मध्ये राज्याच्या महिला व बालविकास मंत्र्यांनी खात्याला केली. टीका झाल्यावर हा फक्त विचारार्थ मुद्दा होता, निर्णय नव्हे, असं त्यांनी सांगितलं. आमचं मत स्पष्ट आहे. हे बिरुद कागदावर सन्मानाचं दिसलं तरी ते बाईला नवरा नसण्यावरूनच ओळखतं, आणि ज्या घरांत पत्रात 'गंगाजलनिर्मळ' लिहीत, त्याच घरांत केशवपन होत असे. शब्द बदलण्यापेक्षा कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेने ४ मे २०२२ ला केलं ते मोलाचं. कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र तोडणं बंद, असा ठराव त्यांनी केला आणि त्याच महिन्यात सरकारने इतर ग्रामपंचायतींना तसं करण्याविषयी परिपत्रक काढलं. या मोहिमेची सुरुवात तुमच्याच करमाळ्यातून झाली, हे तालुक्याने अभिमानाने सांगावं.

जुन्या मिळकतीच्या कागदांसाठी एवढं लक्षात ठेवा. १९३७ च्या कायद्याने हिंदू विधवेला नवऱ्याच्या मिळकतीत हक्क मिळाला, पण तो मर्यादित, तिच्या हयातीपुरता. १७ जून १९५६ पासून हिंदू वारसा कायद्याच्या कलम १४ ने तिच्या ताब्यातल्या मिळकतीची ती सहसा पूर्ण मालक झाली. म्हणजे इंग्लंडातल्या डाउजरसारखी तहहयात मालकी १९३७ च्या कायद्याखाली आपल्याकडे जवळपास वीस वर्षं होती.

प्रश्न : मुलाची लग्नपत्रिका छापायची आहे. त्याचे वडील नाहीत. माझ्या नावापुढे गं. भा. लिहायचं की श्रीमती? व्याही तेलुगू भाषक आहेत, ते म्हणतात श्रीमती तर सवाष्णीला लिहितात. (एक वाचक, जुळे सोलापूर)

उत्तर : दोघांचंही बरोबर आहे. 'श्रीमती' हे नुसतं श्रीमान् या शब्दाचं स्त्रीलिंगी रूप. त्यात नवरा असण्या-नसण्याचा काही संबंध नाही. तेलुगू आणि कन्नड पत्रिकांत 'श्रीमती आणि श्री' असं जोडप्याला लिहितात, हिंदीतही लग्न झालेल्या बाईला श्रीमती. मराठीत सवाष्णीला 'सौ.' ठरून गेल्यामुळे श्रीमती उरलं ते विधवेकडे झुकलं. सरकारी पत्रव्यवहारात मात्र मराठीतही सगळ्याच बायकांना श्रीमती लिहितात. सोलापुरात एका पत्रिकेवर दोन-तीन भाषा येतात, म्हणून इथे हा घोळ इतर गावांपेक्षा जास्त.

आमचा सल्ला असा. गं. भा. लिहायची सक्ती कुठलीच नाही, तुम्हाला स्वतःला हवं असेल तरच लिहा. घरातल्या वडीलधाऱ्यांनी परस्पर ठरवू नये. निमंत्रक म्हणून तुमचं नाव पहिलं येऊ द्या. मुलाच्या नावाखालची ओळ 'श्रीमती अमुक व कै. तमुक यांचे चिरंजीव' अशी करा. पत्रिका दोन भाषांत असेल तर दोन्ही बाजूंनी 'श्रीमती' एकाच अर्थाने येत नाही, तेव्हा सरळ मार्ग म्हणजे दोन्हीकडच्या बायकांची नावं बिरुदाशिवाय छापणं. 'कै.' एकदा लिहिलं की वाचणाऱ्याला कळायचं ते कळतं.

छापखान्यात चुका ठरावीक ठिकाणी होतात. ऑपरेटर जुन्या पत्रिकेची फाईल उघडून त्यातच नावं बदलतो, त्यामुळे आधीच्या घरातलं 'सौ.' तुमच्या नावापुढे राहून जातं किंवा 'कै.' गळतो. एखादा 'कै.' चुकून हयात माणसापुढे जातो आणि ऐन लग्नघरात रडारड होते. पहिलं प्रूफ आल्यावर मजकूर वाचू नका, आधी फक्त बिरुदं वाचा. बोट ठेवून प्रत्येक नावाला विचारा : हयात आहे का? लग्न झालंय का? नंतर सगळा मजकूर. दुसरं प्रूफ घरातल्या दुसऱ्याच माणसाला द्या. मुलाला 'चि.' आणि मुलीला 'चि. सौ. कां.' असतं, हे सौ. 'सौभाग्यकांक्षिणी'तलं आहे, ते सुटं करून मुलीच्या नावापुढे नुसतं 'सौ.' छापलं की लग्नाआधीच लग्न झाल्यासारखं होतं. पाकिटाच्या मागचा 'प्रेषक' म्हणून येणारा मजकूर वेगळ्या फाईलमध्ये असतो आणि त्याचं प्रूफ बहुधा दाखवतच नाहीत. ते मागून घ्या.